हवा तर कोंबली, आता पेट्रोल किती आणि ठिणगी कधी?

जुन्या मर्सिडीज सी-क्लासच्या डिकीवर चंदेरी अक्षरांत ‘कॉम्प्रेसर’ असं लिहिलेलं दिसतं. २००० च्या दशकात पुण्यात जुळणी होऊन बाहेर पडलेल्या या गाड्या आता सेकंड हँड बाजारात बऱ्यापैकी स्वस्त मिळतात, आणि गाडी बघायला आलेल्यांपैकी कुणीतरी विचारतंच, “हा एसीचा कॉम्प्रेसर का?” तसं नाही. जर्मन भाषेत सुपरचार्जरला कॉम्प्रेसर म्हणतात. इंजिनाच्या पट्ट्यावर फिरून इंजिनातच जादा हवा दाबून भरणारा तो पंप आहे.

दुसरीकडे, आज आपल्या रस्त्यांवर एक लिटरच्या लहानशा टर्बो पेट्रोल गाड्यांची रेलचेल झाली आहे. त्यांचा ‘रीमॅप’ करून, म्हणजे गाडीच्या संगणकाचा प्रोग्रॅम बदलून, पंचवीस-तीस घोडे वाढवून देतो म्हणणारी दुकानं जागोजागी उघडली आहेत. त्यातच ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल आलं आणि ते गाडीला झेपेल का, यावर घरोघरी वाद सुरू झाले. हे तिन्ही विषय एकाच प्रश्नाभोवती फिरतात: इंजिनाच्या सिलिंडरमध्ये नेहमीपेक्षा जास्त हवा शिरली, तर तिच्यासोबत पेट्रोल किती द्यायचं आणि ते पेटवायचं नेमकं कधी?

माझं म्हणणं आधीच सांगून ठेवतो. हवा कोंबणं हा यातला सोपा भाग आहे. सुपरचार्जर विकत मिळतो, पट्टा चढवता येतो, दोन दिवसांत गाडी उभी राहते. इंजिन टिकणार की पिस्टनला भोक पडणार, हे पुढच्या हिशेबावर ठरतं.

## इंजिनाची भूक पेट्रोलची नाही, हवेची

चूल पेटवताना आजी फुंकणी का वापरते? लाकूड चुलीत असतंच, कमी पडते ती हवा. इंजिनाचंही तसंच आहे. एक ग्रॅम पेट्रोल पूर्ण जळायला साधारण १४.७ ग्रॅम हवा लागते. आकडा लहान वाटतो, पण हवा अतिशय हलकी असते. एक लिटर पेट्रोल नीट जाळायचं तर नऊ हजार लिटरांहून जास्त हवा लागते. लिटरभर पेट्रोल बाटलीत मावतं. तेवढ्या हवेसाठी एक लहानशी खोली लागेल. म्हणून इंजिनात पेट्रोल वाढवणं कधीच अवघड नव्हतं. अडचण नेहमी हवेची.

साधं इंजिन खाली जाणाऱ्या पिस्टनने हवा ओढून घेतं. बाहेरच्या हवेचा जेवढा दाब, त्याहून जास्त त्याला मिळत नाही. सुपरचार्जर म्हणजे लोहाराचा भाता: तो हवा ढकलतो. बाहेरच्या दाबाच्या वर जो जादा दाब तयार होतो, त्याला गाडीच्या जगात ‘बूस्ट’ म्हणतात.

एक खरी गाडी समोर ठेवू, म्हणजे आकडे हवेत राहणार नाहीत. इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डला बनलेली पहिल्या पिढीची मिनी कूपर एस २००६ पर्यंत विकली गेली. इंजिन १,५९८ सीसीचं आणि ते बनायचं ब्राझीलमध्ये. त्यावर ईटन कंपनीचा एम-४५ सुपरचार्जर. यातले ४५ म्हणजे एका फेऱ्यात ढकलली जाणारी हवा, घन इंचांत. आपल्या मापात सुमारे पाऊण लिटर. हा पंप इंजिनाच्या साधारण दुप्पट वेगाने फिरतो, म्हणजे इंजिनाच्या एका फेऱ्यात दीड लिटर हवा पुढे ढकलतो. इंजिन मात्र एका फेऱ्यात ०.८ लिटरच हवा घेऊ शकतं, कारण चार-स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांतून एकदाच पोट भरतं. थोडी हवा फटींतून मागे गळते हे धरलं, तरी ०.८ लिटरच्या जागेत त्याहून बरीच जास्त हवा घुसणार. हाच बूस्ट.

## दीडपट दाब, पण हवा सव्वापटच

इथे निसर्ग पहिली वसुली करतो. सायकलच्या चाकात पंपाने हवा भरताना पंपाचं तोंड गरम होतं, हे लहानपणी सगळ्यांनी अनुभवलं आहे. हवा दाबली की तापते.

बाहेर ३० अंश सेल्सिअस आहे आणि सुपरचार्जरने हवेचा दाब दीडपट केला असं समजा. पंपात कुठलीही गळती किंवा घर्षण नसतं, तरीही हवा ६५-७० अंशांवर गेली असती. प्रत्यक्षात पंख्यांच्या पात्यांत घुसळून निघालेली हवा नव्वदीच्या आसपास तापून बाहेर पडते. गरम हवा विरळ असते. हिशेब मांडला तर दाब दीडपट होऊनही आत गेलेली हवा, वजनाने मोजली तर, सव्वापटच भरते. म्हणून सुपरचार्जर आणि इंजिन यांच्यामध्ये इंटरकूलर बसवतात. हा एक छोटा रेडिएटरच; फक्त त्यातून पाण्याऐवजी इंजिनात जाणारी हवा थंड होते. हवा पन्नास अंशांपर्यंत उतरवली, तर तीच सव्वापट १.४ पटीवर जाते. मिनीच्या बॉनेटवर जी खाच दिसते, ती इंटरकूलरला वारा मिळावा म्हणून.

पण गरम हवेने ताकद कमी होते, हा तोटा लहानच म्हणायचा. मोठा तोटा पुढे सिलिंडरच्या आत आहे. पिस्टन तीच हवा आणखी आठ-दहापट दाबतो, आणि आत शिरताना एक अंश जास्त असलेली हवा दाबून झाल्यावर साधारण दोन अंश जास्त तापलेली असते. या उष्णतेचं काय होतं, ते ‘ठोका’ या भागात येईल.

## पेट्रोल: काटाच शंभर किलोचा असेल तर?

गाडीचा संगणक, म्हणजे ईसीयू, दर क्षणी एकच काम करत असतो: आत किती हवा गेली याचा अंदाज घ्यायचा आणि त्या प्रमाणात इंजेक्टर, म्हणजे पेट्रोल फवारणारी तोटी, उघडायचा. अनेक गाड्यांत हा अंदाज हवेच्या दाबावरून आणि तापमानावरून घेतात. दाब मोजणाऱ्या सेन्सरला मॅप सेन्सर म्हणतात.

साध्या गाडीतला मॅप सेन्सर बाहेरच्या हवेच्या दाबापर्यंतच मोजायला बनवलेला असतो, कारण त्याहून जास्त दाब तिथे कधी येतच नाही. अशा गाडीवर बाहेरून सुपरचार्जर बसवला तर काय होईल? शंभर किलोच्या वजनकाट्यावर दीडशे किलोचं पोतं ठेवल्यासारखं. काटा शंभरावर टेकून राहतो. ईसीयूला वाटतं हवा शंभरच आहे, तो शंभराचंच पेट्रोल देतो, आणि आत मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं. गॅरेजमध्ये याला ‘लीन’ म्हणतात. साध्या गाडीला घाईघाईत जोडलेला सुपरचार्जर इंजिन जाळतो, तो बहुतेक वेळा याच वाटेने.

सेन्सर बदलला तरी पुढची अडचण उभी असते: वेळ. ६,००० आरपीएमवर, म्हणजे मिनिटाला सहा हजार फेऱ्यांवर, इंजिनाचं एक पूर्ण चक्र २० मिलिसेकंदांत उरकतं. इंजेक्टर कितीही वेळ उघडा ठेवा, वीसच्या वर जाताच येत नाही. त्यातही तो ८५ टक्क्यांच्या वर उघडा ठेवायचा नाही असा संकेत आहे, कारण त्यापुढे त्याला धड बंद व्हायला वेळ मिळत नाही आणि माप चुकायला लागतं. मूळ गाडीत तो १२ मिलिसेकंद उघडा राहत असेल, तर १.४ पट हवेसाठी १७ लागतील. बूस्टमध्ये मिश्रण जरा दाट द्यावं लागतं, ते का हे पुढे सांगतो. तेवढं धरलं की आकडा १८ च्या वर जातो. म्हणजे मर्यादा ओलांडली. आता मोठे इंजेक्टर लागणार, आणि बऱ्याचदा टाकीतला पंपही.

पूर्वी यावर एक जुगाड लोकप्रिय होता. बूस्ट वाढला की पेट्रोलच्या नळीतला दाब वाढवणारा रेग्युलेटर बसवायचा. तेच इंजेक्टर, पण जोरात फवारणारे. अडचण अशी की फवारा दाबाच्या वर्गमुळाच्या हिशेबाने वाढतो. दाब दुप्पट केला तर पेट्रोल १.४ पटच वाढतं, आणि पंपाची मात्र दमछाक होते. कमी बूस्टवर हे चालून गेलं. मी हा उपाय आज कुणाला सुचवणार नाही. मोठे इंजेक्टर आणि नीट लिहिलेला प्रोग्रॅम हाच खात्रीचा रस्ता.

## ठिणगी: झोक्याला धक्का कधी द्यायचा

प्लगने ठिणगी टाकली की पेट्रोल एकदम भडकत नाही. आधी एक लहानसा गोळा पेटतो, मग ज्योत सिलिंडरभर पसरत जाते. याला वेळ लागतो. म्हणून पिस्टन वरच्या टोकाला पोहोचण्याच्या आधीच ठिणगी टाकावी लागते. किती आधी, हे क्रँकच्या, म्हणजे पिस्टनच्या जोरावर फिरणाऱ्या दांड्याच्या, अंशांत मोजतात. यालाच इग्निशन टायमिंग म्हणतात. आधी टाकली तर टायमिंग पुढे घेतलं, उशिरा टाकली तर मागे घेतलं.

नागपंचमीचा झोका आठवा. झोका मागे येऊन थांबतो, परत फिरतो, आणि त्या क्षणी दिलेला धक्का सगळा कामी येतो. झोका अजून मागेच येत असताना ढकललं, तर मनगटाला हिसका बसतो आणि झोक्याचा वेगही मोडतो. फार उशिरा ढकललं, तर हात नुसता हवेत जातो. इंजिनातही जळण्याचा दाब सर्वाधिक व्हावा तो पिस्टन वरच्या टोकाला जाऊन साधारण पंधरा अंश खाली उतरल्यावर. ठिणगीची वेळ त्यावरून मागे मोजून ठरते.

हे सगळं किती क्षणात चालतं? ६,००० आरपीएमला क्रँक एक अंश फिरतो तो सेकंदाच्या ३६ हजाराव्या भागात. गॅरेजमध्ये मिस्त्री डेल्को, म्हणजे जुन्या गाड्यांत प्लगना ठिणगी वाटून देणारा डिस्ट्रिब्युटर, हाताने जरासा फिरवून टायमिंग लावायचे, त्यांच्या बोटांत किती बारीक अंदाज होता हे या आकड्यावरून कळतं.

आता सुपरचार्जर आला. आत दाटीवाटीने भरलेलं मिश्रण जास्त वेगाने जळतं. म्हणजे ठिणगी तेवढी आधी टाकायची गरजच उरत नाही. जुन्या वेळेला टाकली तर दाब लवकर चढतो, पिस्टन अजून वर येत असताना. साध्या इंजिनात जोरात पळताना टायमिंग तीस अंशांच्या आसपास असेल, तर अर्ध्या बारच्या (म्हणजे बाहेरच्या दाबाच्या साधारण निम्म्या) बूस्टवर ते वीस-बावीसवर आणावं लागतं. जुन्या ट्यूनरांचा ठोकताळा होता: बूस्टच्या दर एका पीएसआयला (हेही दाबाचंच माप) एक अंश मागे. अर्धा बार म्हणजे सुमारे सात पीएसआय, तेव्हा हिशेब साधारण जुळतो. पण हा ठोकताळा सुरुवात करण्यापुरताच. प्रत्येक इंजिनाचं डोकं, पिस्टनचा माथा, पेट्रोल वेगळं, आणि आकडे त्याच इंजिनावर चालवून बघितल्याशिवाय पक्के करता येत नाहीत.

पट्ट्यावर चालणाऱ्या सुपरचार्जरचं आणखी एक वैशिष्ट्य आहे. टर्बोला धुराड्यातल्या वायूंचा जोर यावा लागतो. हा पंप मात्र इंजिनाला जोडलेलाच असल्याने दोन हजार आरपीएमलाही दाब देतो. गाडीला खालूनच जो ओढा मिळतो तो याचमुळे, आणि लोक याच्या प्रेमात पडतात तेही याचमुळे. पण कमी वेगात मिश्रणाला तापत राहायला वेळ जास्त मिळतो. म्हणून अशा इंजिनाच्या टायमिंगच्या तक्त्यात सर्वात जपून भरायची जागा ही असते: वेग कमी, दाब पूर्ण.

## ठोका म्हणजे नेमकं काय

फटाक्यांची लड एका टोकाला पेटवली की एकेक फटाका क्रमाने वाजत जातो. सिलिंडरमधलं चांगलं जळणं असंच असतं, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे. आता असं समजा की लड वाजत असतानाच बाजूला ठेवलेलं फटाक्यांचं खोकं उष्णतेने आपोआप पेटलं. सगळे एकदम फुटतील. ज्योत अजून न पोहोचलेल्या कोपऱ्यातलं मिश्रण दाबाने आणि उष्णतेने स्वतःहून भडकणं म्हणजे नॉकिंग, आपल्या गॅरेजच्या भाषेत इंजिन ‘ठोकतं’.

त्या स्फोटाच्या लाटा सिलिंडरच्या भिंतींवर आदळतात आणि धातू टाचणीने घंटा वाजवावी तसा किणकिणतो. ८०-९० मिलिमीटर व्यासाच्या सिलिंडरला हा आवाज सहा-सात हजार हर्ट्‌झचा असतो. नुसत्या आवाजाने कुणाचं काही बिघडलं नसतं. पण धातूच्या पृष्ठभागाला चिकटून हवेचा एक पातळ, तुलनेने थंड थर असतो आणि तो पिस्टनला वाचवत असतो. ठोक्याच्या लाटा तो थर फाडून टाकतात. मग अडीच हजार अंशांच्या आसपासच्या ज्वाळा थेट ॲल्युमिनियमला भिडतात, आणि ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं. पिस्टनच्या रिंगांमधली धार तुटते, माथ्याला खड्डे पडतात, शेवटी भोक पडतं.

ठोका टाळण्याची चार हत्यारं: थंड हवा, दाट मिश्रण, उशिराची ठिणगी आणि चांगलं पेट्रोल. पाचवं हत्यार इंजिन बनवतानाच वापरावं लागतं, ते म्हणजे कमी कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टनने मिश्रण कमी पट दाबणं. मिनीच्या साध्या कूपरचं कॉम्प्रेशन १०.६ होतं; सुपरचार्जरवाल्या एसचं कंपनीने ८.३ वर उतरवलं. साध्या गाडीवर बाहेरून सुपरचार्जर चढवणाऱ्याला हे पाचवं हत्यार मिळत नाही. इंजिन न उघडता ही सगळी कसर त्याला पहिल्या चारांतून भरून काढावी लागते, आणि हे पैसे मोजण्याआधी कुणीतरी त्याला सांगायला हवं.

## “मग भरपूर पेट्रोल ओतलं की सुरक्षित ना?”

काही अंशी खरं आहे. माठातलं पाणी झिरपून उडून जाताना माठ थंड ठेवतं, तसं जादा पेट्रोल आत वाफ होताना उष्णता शोषून घेतं. म्हणून पूर्ण बूस्टवर १४.७ ऐवजी बारा किंवा साडेअकरा भाग हवेला एक भाग पेट्रोल देतात. संथ चालताना मात्र १४.७ च पाळावं लागतं, कारण धुराड्यातला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे धूर स्वच्छ करणारा डबा, त्याच प्रमाणावर नीट काम करतो.

दहाच्या खाली नेलं तर गंगा उलटी वाहू लागते. ताकद पडते, प्लग काळे होतात, न जळलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन खाली उतरतं आणि रिंगा कोरड्या घासतात. शिवाय कन्व्हर्टर तापून निकामी होतो तो वेगळाच.

आणि मिश्रण किती दाट आहे हे कळणार कसं? गाडीसोबत येणारा साधा ऑक्सिजन सेन्सर ‘१४.७ च्या वर की खाली’ एवढंच सांगतो. बारा आहे की तेरा, हे त्याला ओळखता येत नाही. त्यासाठी वाइडबँड सेन्सर लागतो. बूस्टच्या गाडीचं पेट्रोल वाइडबँडशिवाय लावणारा ट्यूनर अंदाजाने मीठ टाकतोय असं समजा, आणि इथे खारट झालेली आमटी फेकून देता येत नाही.

## “टायमिंग मागे घेऊन टाका, चिंता मिटली”

हीही अर्धीच गोष्ट. ठिणगी फार उशिरा पडली तर पेट्रोल पिस्टनला ढकलण्याऐवजी बाहेर पडता पडता जळतं. उष्णता कामात यायच्या जागी धुराड्यात जाते. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह लालभडक होतात, मॅनिफोल्डला तडे जातात. ताकद गेल्यामुळे चालवणारा पाय आणखी दाबतो, म्हणजे आणखी बूस्ट, आणखी उष्णता. मागे घेतलेलं टायमिंग हे औषध आहे आणि त्याला मात्रा आहे.

## “नॉक सेन्सर असतो की!”

असतो, आणि तो उत्तम शोध आहे. इंजिनाच्या ब्लॉकवर बसवलेला हा कान त्या सहा-सात हजार हर्ट्‌झच्या किणकिणाटावर लक्ष ठेवतो. ठोका ऐकू आला की ईसीयू लगेच टायमिंग काही अंश मागे घेतो. पण तो ठोका पडल्यानंतर धावतो. शिवाय ईसीयूला टायमिंग किती मागे घेता येईल याला कंपनीने आखून दिलेली हद्द असते, आणि ती मूळ इंजिनासाठी आखलेली असते. पट्ट्यांचा, सुपरचार्जरच्या दातांचा आवाज ब्लॉकमध्ये मिसळला की खरा ठोका कुठला हे ओळखणंही कठीण जातं.

मिनीचंच उदाहरण घ्या. शौकीन लोक सुपरचार्जरची पुली १५ टक्के लहान करून घ्यायचे. पुली लहान म्हणजे पंप साडेसतरा टक्के जास्त वेगाने फिरणार. काम स्वस्तातलं. पण मिनीनेच जेव्हा जॉन कूपर वर्क्सच्या नावाने ताकद वाढवायचा संच विकला, तेव्हा लहान पुलीसोबत सिलिंडर हेड बदललं आणि ईसीयूचा प्रोग्रॅमही नव्याने लिहिला. नुसती पुली बदलून कंपनीने गाडी ग्राहकाच्या हाती दिली नाही. नॉक सेन्सर त्या इंजिनालाही होताच.

प्लगकडेही दुर्लक्ष होतं म्हणून इथेच सांगतो. दाटलेल्या हवेतून ठिणगी उडी मारायला जास्त व्होल्टेज लागतं. त्यामुळे प्लगची फट कमी करावी लागते आणि एक पायरी ‘थंड’ प्लग, म्हणजे उष्णता लवकर हेडकडे देणारा, लावावा लागतो. पूर्ण बूस्टवर गाडी अचानक गचके देते तेव्हा लोक पेट्रोल पंप बदलतात आणि दोष प्लगच्या फटीत असतो.

## पेट्रोलच्या जोरावर जिंकलेलं आकाश

पेट्रोल बदलल्याने काय फरक पडतो याचं १९४० इतकं ठळक उदाहरण मला दुसरं माहीत नाही. ब्रिटिशांच्या स्पिटफायर आणि हरिकेन विमानांत रोल्स-रॉइसचं मर्लिन इंजिन होतं, सुपरचार्जर लावलेलं. ८७ ऑक्टेनच्या पेट्रोलवर त्याला सव्वासहा पीएसआयपर्यंतच बूस्ट देता यायचा. त्यापुढे ते ठोकायला लागे. त्या वर्षी १०० ऑक्टेनचं पेट्रोल लढाऊ तुकड्यांना मिळू लागलं आणि बूस्टची मर्यादा बारा पीएसआयवर नेली. इंजिन तेच, सुपरचार्जर तोच, आणि कमी उंचीवर ताकद सुमारे हजार घोड्यांवरून तेराशेवर गेली. तीही संकटात फक्त पाच मिनिटं वापरायची अशी सक्त सूचना होती.

ऑक्टेन म्हणजे पेट्रोलची ठोका सहन करण्याची शक्ती, बाकी काही नाही. जास्त ऑक्टेनच्या पेट्रोलमध्ये जास्त ‘दम’ भरलेला नसतो. त्या काळी ही शक्ती शिसं मिसळून वाढवत; त्या शिशाचं विष पुढे कितीतरी पिढ्यांच्या रक्तात गेलं. भारतात शिसंयुक्त पेट्रोल २००० साली बंद झालं.

मर्लिनमध्ये पेट्रोल सुपरचार्जरच्या आधीच हवेत मिसळायचं. वाफ होताना ते हवा थंड करायचं, म्हणजे फुकटातला इंटरकूलरच. पण कार्बोरेटर असल्यामुळे विमानाने एकदम नाक खाली घातलं की पेट्रोल तरंगून इंजिन गचकायचं. जर्मन विमानांत पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जाई, त्यांना हा त्रास नव्हता. बिअॅट्रिस शिलिंग नावाच्या इंजिनिअर बाईंनी १९४१ मध्ये छिद्र पाडलेली एक छोटी धातूची चकती पेट्रोलच्या वाटेत बसवून हा दोष बराचसा आटोक्यात आणला. पेट्रोलचं माप आणि वैमानिकाचा जीव यांच्यात तेवढीच चकती होती.

## ई-२० चं काय?

इथे दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत, आणि वाद घालणारे दोन्ही पक्ष एकेकच धरून बसतात.

पहिली: इथेनॉल ठोक्याला चांगलं तोंड देतं. त्याचं ऑक्टेन १०८ च्या आसपास आहे, आणि वाफ होताना ते पेट्रोलच्या दुपटीहून जास्त उष्णता शोषतं. साध्या बीएस-६ पेट्रोलला किमान ९१ ऑक्टेन लागतं. ई-२० ला ९५. बूस्टच्या इंजिनाला हे मानवतं.

दुसरी: इथेनॉलला जळायला हवा कमी लागते, म्हणजे तेवढ्याच हवेला इंधन जास्त द्यावं लागतं. शुद्ध पेट्रोलचं १४.७, ई-२० चं साधारण साडेतेरा. हिशेब केला तर सुमारे नऊ टक्के जादा इंधन. ई-२० साठी बनवलेली गाडी ते आपोआप सांभाळते. पण जुन्या गाडीवर सुपरचार्जर चढवला असेल आणि तिचे इंजेक्टर आधीच ८५-९० टक्के उघडत असतील, तर हे नऊ टक्के आणणार कुठून? संथ चालताना ऑक्सिजन सेन्सर सांभाळून घेईल, सगळं छान वाटेल, आणि एक्सप्रेसवेवर घाट चढताना पूर्ण पाय दाबल्यावर मिश्रण पातळ पडेल. अशा गाडीचा प्रोग्रॅम ई-२० वरच, वाइडबँड लावून पुन्हा तपासून घ्यायला हवा. ई-२० येण्याआधी केलेलं ट्यूनिंग आता बरोबर आहे असं धरून चालू नका.

महागडं शंभर ऑक्टेनचं पेट्रोल टाकलं तर? ईसीयूत टायमिंग पुढे घ्यायची मुभा लिहिलेली असेल तरच ताकद वाढेल. नसेल तर फक्त ठोक्यापासून थोडं जास्त संरक्षण मिळेल. साध्या, बूस्ट नसलेल्या गाडीत ते पैसे वाचवा.

## टर्बोवाल्यांनी यातून काय घ्यायचं

वर सांगितलेलं जवळपास सगळं टर्बोलाही लागू आहे. पंप कशाने फिरतो एवढाच फरक. लहान टर्बो इंजिनांना एक खास धोका मात्र आहे. वरच्या गिअरमध्ये, दीड हजार आरपीएमच्या आसपास असताना पूर्ण पाय दाबला, तर कधीकधी ठिणगी पडण्याच्याही आधी ऑइलच्या थेंबामुळे किंवा काजळीच्या कणामुळे मिश्रण पेटतं. हा साध्या ठोक्यापेक्षा कितीतरी जबर तडाखा असतो, आणि त्यापुढे टायमिंग मागे घेऊन उपयोग नाही, कारण ठिणगीचा इथे संबंधच नाही. यासाठीच ऑइलचे नवे दर्जे आले; डब्यावर ‘एपीआय एसपी’ असं लिहिलेलं असतं ते बघून, कंपनीने सांगितलेलंच ऑइल घाला. आणि चढावर गाडी रडायला लागली तर पाय दाबण्याआधी गिअर उतरवा.

रीमॅप करून घ्यायचाच असेल, तर दुकानदाराला ‘किती घोडे वाढतील’ हे शेवटी विचारा. आधी विचारा: पूर्ण बूस्टवर मिश्रण किती ठेवणार? नॉक सेन्सरने टायमिंग किती मागे घेतलं याची नोंद दाखवणार का? इंजेक्टर किती टक्के उघडतोय? आत जाणाऱ्या हवेचं तापमान सलग तीन-चार वेळा पळवल्यावर किती होतं? गाडी मे महिन्याच्या दुपारी तपासली की जानेवारीच्या सकाळी? या प्रश्नांची उत्तरं आकड्यांत, छापील नोंदीसकट मिळाली, तर तो माणूस काम जाणतो. “काही होत नाही साहेब, शंभर गाड्या केल्यात” एवढंच उत्तर आलं, तर किल्ली खिशात ठेवा आणि गाडी घेऊन परत या.